वादानंतरची नेकी : हक्क की उपकार?

२३ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशची राजधानी ढाका शहराजवळ, सावर येथे ‘राणा प्लाझा’ नावाच्या आठ मजली इमारतीला मोठे तडे गेले. खाली एका बँकेची शाखा होती. बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. दुकानेही बंद झाली. वरच्या मजल्यांवर तयार कपडे शिवणारे पाच कारखाने होते. तेथील मजुरांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावण्यात आले, आणि न आल्यास पगार बुडण्याची भीती त्यांना होतीच. २४ एप्रिलच्या सकाळी इमारत कोसळली. १,१३४ माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे अडीच हजार जखमी झाली. त्यांत तरुण स्त्रियांची संख्या मोठी होती. आपल्या घरांतल्या असाव्यात तशाच त्या लेकी-सुना होत्या. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

ढिगाऱ्यातून मृतदेहांबरोबर कपड्यांवरची लेबलेही बाहेर आली. ती युरोप-अमेरिकेतील नामांकित कंपन्यांची होती. बेनेटन या इटालियन कंपनीने आरंभी आपला संबंध नाकारला. ढिगाऱ्यात तिच्या नावाचे शर्ट दिसल्यावर तो मान्य केला. जगभर संताप उसळला आणि तीन आठवड्यांच्या आत अनेक बड्या कंपन्यांनी बांगलादेशातील कारखान्यांच्या अग्निसुरक्षेसाठी व इमारत-सुरक्षेसाठी एका बंधनकारक करारावर सह्या केल्या. हा करार ‘अकॉर्ड’ या नावाने ओळखला जातो. पुढे सह्या करणाऱ्या कंपन्यांची संख्या दोनशेच्या वर गेली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अशा कराराचा आराखडा दुर्घटनेनंतर सुचलेला नव्हता. कामगार संघटनांनी तो आधीच कंपन्यांपुढे ठेवला होता. २०१२ साल संपेपर्यंत पीव्हीएच आणि चिबो या दोनच कंपन्यांनी तो स्वीकारला. चार सह्यांशिवाय तो अमलात येणार नव्हता आणि उरलेल्या दोन सह्या मिळाल्या नाहीत. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ढाक्याजवळच्याच ताजरीन कारखान्याला आग लागून शंभराहून अधिक मजूर जळाले. तरीही त्या मिळाल्या नाहीत. कंपन्या त्याच होत्या, कारखाने तेच होते, मागणीही तीच होती. फरक पडला तो इतकाच की हजाराहून अधिक जनाजे एकाच वेळी निघाले आणि कंपन्यांची नावे त्या जनाज्यांशेजारी छापली गेली.

बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या ‘सामाजिक जबाबदारी’चा इतिहास चाळला की हाच क्रम वारंवार दिसतो. बालकांच्या दुधाच्या भुकटीच्या विक्रीवरून नेस्लेविरुद्ध १९७७ साली बहिष्कार सुरू झाला आणि १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेची त्या विक्रीविषयीची आचारसंहिता आली. नायके कंपनीवर नव्वदच्या दशकात आशियातील कारखान्यांवरून टीका झाली. आधी ‘कारखाने आमचे नव्हेत, कंत्राटदारांचे आहेत’ हे उत्तर आले. मग १९९८ च्या मे महिन्यात कंपनीचे प्रमुख फिल नाइट यांनी जाहीरपणे मान्य केले की आपल्या कंपनीचे नाव गुलामीच्या मजुरीशी आणि सक्तीच्या जादा कामाशी जोडले गेले आहे, आणि बूट बनवणाऱ्या कारखान्यांत अठरा वर्षांखालील कोणालाही कामावर घेतले जाणार नाही, असा नियम घोषित केला. नकार, छायाचित्र, संताप, कबुली, धोरण, वार्षिक अहवाल ही पायरी-पायरीची चढण आता इतकी ओळखीची झाली आहे की तिची सवयच लागावी.

धर्माच्या विद्यार्थ्याला यातून एक प्रश्न पडतो. अब्रू जाईल या भीतीने केलेल्या भल्या कामाचे मोल काय?

यावर आपल्या समाजात एक उत्तर तयार असते. कर्मांचा आधार नीयतीवर आहे, ही शिकवण देणारी हदीस आपल्या मुलांनाही ठाऊक असते. सूरह अल्-बकराच्या २६४ व्या आयतीत लोकांना दाखवण्यासाठी खर्च करणाऱ्याला गुळगुळीत खडकाची उपमा दिली आहे. खडकावर थोडी माती साचलेली असते, जोराचा पाऊस पडतो आणि खडक उघडाच्या उघडा राहतो. कंपन्यांचे सारे उपक्रम म्हणजे तीच माती, ‘रिया’, दिखावा. त्याची दखल घेण्याचे कारण नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. हे उत्तर धार्मिक वाटते खरे, पण ते अर्धवट आहे आणि मजुराच्या दृष्टीने पाहिले तर निर्दयही आहे.

आपल्या फुकहांनी अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क यांत भेद केला आहे. नमाज, रोजा, जकात नीयतीशिवाय अदा होत नाहीत. परंतु कर्जाची परतफेड, बळकावलेली वस्तू मालकाला परत करणे, मजुराची मजुरी चुकती करणे या गोष्टींचे तसे नाही. एखाद्याने काझीच्या धाकाने, कुरकुरत, दात-ओठ खात कर्ज फेडले तरी कर्ज फिटते. त्याला सवाब मिळेल की नाही, हा त्याचा आणि त्याच्या रब्बचा मामला; धनकोचा पैसा मात्र धनकोच्या हाती पडला. ‘तुझ्या मनात इखलास नाही, म्हणून मी पैसे घेत नाही’ असे कोणी धनको म्हणत नाही. सावरच्या शिलाई कामगार बाईला कारखान्याचा मजबूत खांब हवा आहे. तो खांब मालकाच्या तकव्यातून उभा राहिला की वर्तमानपत्राच्या भीतीतून, हे तिने का तपासावे?

शिवाय नीयतीचे स्थान हृदय आहे, आणि कंपनीला हृदय नाही. ती कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती आहे. ती करार करते, मालमत्ता बाळगते, खटले लढते, पण कयामतच्या दिवशी तिला उभे केले जाणार नाही. उभी राहतील ती माणसे. कमीत कमी दरात आणि कमीत कमी दिवसांत माल हवा असा आग्रह धरणारा खरेदी अधिकारी, तडे पाहूनही दार उघडणारा व्यवस्थापक, नकाशावर नसलेल्या मजल्याकडे काणाडोळा करणारा सरकारी नोकर. कंपनीच्या नीयतीविषयी वाद घालत बसण्याचा एक तोटा असा की त्या गर्दीत ही हृदये असलेली माणसे निसटून जातात.

मग कंपनीला वळण कसे लावायचे? आपल्या परंपरेत याला एक उत्तर आहे आणि ते उपदेशाचे नसून व्यवस्थेचे आहे. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला ‘मुहतसिब’ म्हणत. इब्न खल्दून यांनी चौदाव्या शतकात लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात त्याची कामे सांगितली आहेत. रस्त्यांत अडथळा होऊ न देणे, हमालांना व नावाड्यांना प्रमाणाबाहेर ओझे नेऊ न देणे, मुलांना अतोनात मारणाऱ्या शिक्षकांना आवरणे. आणि कोसळण्याच्या बेतात असलेली इमारत तिच्या मालकाला पाडायला लावणे. हे शेवटचे काम वाचताना राणा प्लाझा डोळ्यांसमोर येतो. मुहतसिबने कोणाची तक्रार येण्याची वाट पाहायची नसे. तो मालकाच्या मनात डोकावत नसे. भिंतीकडे पाहत असे.

सहीह मुस्लिममधील धान्याच्या ढिगाची घटना याच मुळाशी आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी एका धान्याच्या ढिगात हात घातला. बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा आपण (स.) विचारले की ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणूक करणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावले. आपण (स.) त्या माणसाला त्याची नीयत विचारली नाही. ढिगात हात घातला. आजच्या कंपन्यांचे चकचकीत वार्षिक अहवाल वाचताना हा हात आठवावा. वरचे दाणे कोरडेच असतात.

तपासणीच्या नावाखाली केवळ वरचे दाणे पाहिले गेले तर काय होते, याचे उदाहरण कराचीत घडले. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये तेथील अली एंटरप्रायझेस या कपडे कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक माणसे मेली. त्या कारखान्याला ‘एसए ८०००’ हे सामाजिक जबाबदारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आगीच्या काही आठवडे आधीच मिळाले होते. प्रमाणपत्र हा वादाला घाबरलेल्या कंपन्यांनी शोधलेला उपाय. ते दाखवले की ग्राहक शांत होतो. त्याने जिने रुंद होत नाहीत आणि खिडक्यांचे गज निघत नाहीत.

‘अकॉर्ड’चे वेगळेपण येथे आहे, आणि म्हणूनच वादातून जन्मलेल्या धोरणांपैकी त्याला मी वेगळे मानतो. त्यात कामगार संघटना सहीदार होत्या. अभियंत्यांनी दीड हजाराहून अधिक कारखाने तपासले आणि अहवाल सर्वांसाठी खुले केले. कंपनीने शब्द मोडला तर तिला लवादापुढे खेचता येत होते. तसे घडलेही. एका बहुराष्ट्रीय कंपनीने कारखान्यांच्या दुरुस्तीसाठी तेवीस लाख डॉलर देण्याचे २०१८ साली मान्य केले. पुढे २०२३ पासून पाकिस्तानातही हा करार लागू झाला. कराचीच्या आगीनंतर दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. वॉलमार्ट आणि गॅप यांनी मात्र तो न स्वीकारता आपली स्वतंत्र योजना काढली.

परंतु वादाला मुहतसिबची जागा देऊन चालेल काय? नाही. वाद तक्रारीची वाट पाहतो. किंबहुना प्रेतांची वाट पाहतो. आणि त्याला तेवढेच दिसते जेवढे छायाचित्रात मावते.

सियालकोटची गोष्ट या दृष्टीने फार बोलकी आहे. पाकिस्तानातील हे शहर व त्याच्या भोवतालची खेडी हाताने शिवलेल्या फुटबॉलसाठी जगात प्रसिद्ध होती. हे काम मुख्यतः घरोघरी चाले. १९९६ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ मासिकात तेथील एका लहान मुलाचे, नायकेचा फुटबॉल शिवत असलेले छायाचित्र छापून आले. पश्चिमेत खळबळ माजली. लगेच पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९९७ मध्ये, सियालकोटची व्यापारी संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्यात अटलांटा येथे करार झाला. मुलांना शिलाईतून सोडवायचे, तर शिलाई नजरेखाली आणली पाहिजे. म्हणून घरातले काम नोंदणीकृत शिलाई केंद्रांत हलवण्यात आले. हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. बालमजुरी वाईटच.

पण घरातली शिलाई कोण करत होते? मुलांपेक्षा कितीतरी अधिक स्त्रिया. चूल, लेकरे आणि पर्दा सांभाळून त्या दिवसाकाठी दोन-चार चेंडू शिवत आणि त्यावर घर चाले. दूरच्या केंद्रात, परक्या पुरुषांच्या वर्दळीत जाणे त्यांतील अनेकींना शक्य नव्हते. त्यांचे उत्पन्न गेले. त्यांचे छायाचित्र कोणत्याही मासिकात आले नाही. मूल का शिवत होते, तर एका चेंडूची मजुरी इतकी तुटपुंजी होती की आईच्या एकटीच्या हातांनी भागत नव्हते. आणि त्या मजुरीचा प्रश्न मूळ वादाच्या केंद्रस्थानी कधी आलाच नाही. पुढे २००६ मध्ये सियालकोटच्या सागा स्पोर्ट्स या मोठ्या पुरवठादाराकडून चेंडू पुन्हा घरांत शिवले जात असल्याचे उघड झाले, तेव्हा नायकेने त्याच्याशी करार तोडला. कंपनीचे नाव वाचले. हजारो कारागिरांचे काम गेले. वर्षभरात नायकेने त्याच शहरात दुसरा पुरवठादार शोधला, हे खरे. पण मधल्या महिन्यांची चूल कोणी पेटवली, याची नोंद कोणत्याही सामाजिक जबाबदारीच्या अहवालात असेल असे वाटत नाही.

येथे रियाचा खरा अपाय कळतो. दिखाव्याने केलेल्या कामाचा सवाब बुडतो, हे तर आहेच. पण दिखाव्यासाठी काम करणारा पाहणाऱ्याच्या डोळ्याला जे टोचते तेच दुरुस्त करतो. ज्याच्यासाठी काम करायचे त्याला विचारत नाही. सियालकोटच्या त्या आयांना कोणी विचारले असते तर त्यांनी मजुरी वाढवा, एवढेच सांगितले असते.

आता हक्क आणि उपकार यांच्या गोंधळाकडे वळू. राणा प्लाझाच्या पीडितांसाठी जो निधी उभारला गेला त्याचे नाव होते ‘डोनर्स ट्रस्ट फंड’, म्हणजे दात्यांचा निधी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या देखरेखीखाली तो चालला. तीन कोटी डॉलरची रक्कम जमायला जून २०१५ उजाडला, दुर्घटनेनंतर दोन वर्षांहून अधिक. बेनेटनने आपला अकरा लाख डॉलरचा वाटा दिला तो दहा लाखांहून अधिक लोकांनी निवेदनावर सह्या केल्यानंतर. पैसा देणे ऐच्छिक होते. हात तुटलेल्या मजुराला भरपाई मिळते, आणि देणाऱ्याचे नाव ‘दाता’ असे नोंदले जाते! अरबीत हक्क आणि सदका हे दोन स्वतंत्र शब्द आहेत आणि शरीअतने त्यांची सरमिसळ कधी होऊ दिली नाही. मजुराकडून पूर्ण काम घेऊन मोबदला न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः फिर्यादी असेल, असे बुखारी शरीफमधील हदीसे-कुद्सीत आहे. तेथे दानशूर असल्याचा पुरावा कामी येणार नाही.

आपल्या देशाच्या कायद्याने याबाबत एक शहाणपणाची रेघ ओढली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार पाच कोटी रुपये निव्वळ नफा, हजार कोटींची उलाढाल किंवा पाचशे कोटींची नक्त मालमत्ता यांपैकी एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे असतात. पण केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च त्यात धरला जात नाही. आणि २०२१ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले की दुसऱ्या एखाद्या कायद्याने जे करणे भागच आहे, तेही त्यात मोजता येणार नाही. म्हणजे कर्तव्याचे बिल परोपकाराच्या खात्यात टाकता येत नाही. जकातीचे मसाइल शिकलेल्या कोणत्याही तालिबे-इल्मला हा नियम ओळखीचा वाटेल.

वाद उठवण्याविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. सूरह अन्-निसाच्या १४८ व्या आयतीनुसार वाईट गोष्टीची जाहीर वाच्यता अल्लाहला आवडत नाही, परंतु ज्याच्यावर जुलूम झाला त्याला ती मुभा आहे. तेव्हा मजुराने किंवा त्याच्या वतीने कोणी कंपनीचे नाव घेऊन आक्रोश केला तर ती गीबत नव्हे. त्याच वेळी सूरह अल्-हुजुरात आपल्याला आलेली बातमी पडताळून पाहायला सांगते, म्हणजे अजाणता कोणाचे नुकसान होणार नाही. आपल्या मोबाइलवर दर काही महिन्यांनी बहिष्काराच्या लांबलचक याद्या फिरतात. त्यांतील किती नावे पाठवणाऱ्याने तपासलेली असतात? ज्यांनी राणा प्लाझाचा आवाज उठवला ते लेबले हातात घेऊन उभे होते. खोट्या यादीने एखाद्या कारखान्याचे काम बंद पडले, तर रस्त्यावर येणारा पहिला माणूस मजूरच असतो.

आणि बोट दूर ढाक्याकडे आणि कराचीकडे दाखवताना मालेगाव आणि भिवंडी आपल्याच राज्यात आहेत. यंत्रमागांचे मालक आणि त्यांवर रात्रपाळी करणारे मजूर, दोघेही जुम्माला एकाच सफमध्ये उभे असतात. रमजानमध्ये इफ्तारचे दस्तरखान अंथरणारे, जकात खुल्या हाताने वाटणारे मालक आपल्यात पुष्कळ आहेत. अल्लाह त्यांच्या मालात बरकत देवो. पण सहीह मुस्लिममध्ये ज्याला खरा ‘मुफलिस’ म्हटले आहे तो नमाज, रोजे आणि जकात घेऊनच येतो. मग ज्यांचा माल त्याने खाल्ला आणि ज्यांना दुखावले ते एकेक करून येतात, त्याच्या नेक्या घेऊन जातात, आणि नेक्या संपल्या की त्यांची पापे त्याच्यावर टाकली जातात.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत इमामांना हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे. ‘माझ्याकडचा कामगार गरीब आहे, गरजू आहे, त्याला ईदला जे देतो ते जकातीत धरले तर चालेल का?’ मसला असा आहे की कामगार जकातीला पात्र असेल आणि ती रक्कम मजुरी, ठरलेला बोनस किंवा कामाचा मोबदला यांच्या बदल्यात नसेल, तर जकात अदा होते. मजुरीच्या किंवा ठरलेल्या बोनसच्या जागी दिली तर होत नाही. ती पुन्हा द्यावी लागेल. आणि त्याची मजुरी थकलेली असेल, तर ती तुमच्यावरचे कर्ज आहे. हिशोबाला बसताना तेवढी रक्कम आधी बाजूला काढावी, ईदच्या आत त्याच्या हातावर ठेवावी, आणि जे उरेल त्यावर अडीच टक्के मोजावेत.